भामाबाईच्या हातातली दशी

गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या अलीकडे, बिरोबाचा माळ नावाची एक धनगरवस्ती आहे. बत्तीस घरं, चौथीपर्यंतची शाळा, एक हापसा आणि एकशे अठ्ठ्याऐंशी मतं. एवढ्या मतांवर कुणी आमदार होत नाही आणि कुणी पडतही नाही. तरी विधानसभेला उभा राहणारा प्रत्येक मोठा माणूस या माळावर येऊन जातो. एक जण आला नव्हता. तो पडला. तो इतर शंभर कारणांनी पडला असेल, पण तेव्हापासून न येण्याची हिंमत कुणी केलेली नाही.

तिथं उमेदवाराच्या खांद्यावर एक घोंगडी घालतात. काळी, जाड, हाताला टोचणारी. आता घोंगडी काय, जिल्ह्यातली प्रत्येक धनगरवस्ती घालते. पण बाकीच्या वस्त्या देऊन टाकतात. बिरोबाचा माळ परत घेतो. सभा संपली की तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर. एकच घोंगडी आहे, आणि सत्तर वर्षांत त्या एकाखेरीज या मतदारसंघातले सगळे जिंकलेले आणि हरलेले ती पांघरून गेले आहेत. ती सांभाळण्याचं काम भामाबाईचं.

भामाबाईला मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती काठीसारखी सडसडीत सून होती आणि मी तमाशाच्या फडात सोंगाड्या होतो. पावसाळ्यात फड बंद असे. निवडणूक लागली की कुठला तरी पक्ष आम्हाला कलापथक म्हणून बोलवायचा. पुढारी यायला तीन तास उशीर व्हायचा, तेवढा वेळ माणसं हसवून बसवून ठेवायची, हे आमचं काम. एका निवडणुकीला आम्ही एका पक्षाचे, पुढच्याला दुसऱ्याचे. म्हणून माळावर मी दोन्ही बाजूंनी गेलेलो आहे. तेव्हा घोंगडी भामाबाईच्या सासूकडे, साखराबाईकडे होती. पहिल्या वेळची गोष्ट मला तिनंच सांगितली.

हैदराबादचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. पहिलीच निवडणूक. बीडचे एक वकीलसाहेब बैलांच्या दमणीतून माळावर आले. दिवस थंडीचे. अंगात शेरवानी, पण दात वाजत होते. साखराबाईच्या नवऱ्यानं घरातली एकुलती एक धड घोंगडी आणून त्यांच्या अंगावर टाकली. वकीलसाहेब बोलले, लोकांनी ऐकलं, काही कळलं, बरंचसं कळलं नाही. निघताना वकीलसाहेब घोंगडीसकट दमणीत चढायला लागले. साखराबाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. तिनं घोंगडीच्या कोपऱ्याची दशी, काठाला लोंबणारा लोकरीचा पीळ, हातात धरली.

"वकीलसाहेब, मान तुमचा, घोंगडी आमची. लेकराला पांघरायला हीच हाय."

वकीलसाहेब मनापासून हसले आणि त्यांनी ती स्वतःच्या हातानं उतरवून दिली. कडेवरचं ते लेकरू म्हणजे सटवा, भामाबाईचा नवरा. आज त्याची त्र्याहत्तरी उलटली आहे. आणि मतदारसंघाचा सगळा इतिहास आपल्या थंडीमुळे सुरू झाला असं तो कुणालाही सांगतो.

आठ दिवसांनी लाल बावट्याचा उमेदवार आला. वकिलाला घातली ती मला का नाही, असं त्यानं थट्टेनं विचारलं. म्हाताऱ्यांनी विचार केला आणि त्यालाही तीच घातली, तशीच परत घेतली. तेव्हापासून नियम ठरून गेला. येईल त्याला घालायची, एकच घालायची. चारचौघांत घालायची आणि चारचौघांतच काढून घ्यायची. निवडून आलेला सत्काराला आला तर त्याला नारळ द्यायचा, घोंगडी नाही. पण पडलेला माणूस आला, तर मात्र ती खाली अंथरून त्याला बसवायचं.

पडलेला माणूस कशाला येतो, असं मला वाटायचं. मग आबासाहेबांची गोष्ट घडली. आबासाहेब कारखान्याचे चेअरमन, लागोपाठ दोनदा आमदार. तिसऱ्या वेळी पडले. आठ दिवस घराबाहेर निघाले नाहीत. नवव्या दिवशी स्वतः जीप चालवत, एकटेच माळावर आले. साखराबाईनं काही विचारलं नाही. बाभळीखाली घोंगडी अंथरली, बाजरीची भाकर आणि लसणाचा ठेचा समोर ठेवला. आबासाहेब दुपार कलेपर्यंत तिथं बसून राहिले आणि मेंढरं परत यायच्या वेळेला उठून गेले. पुढच्या खेपेला ते निवडून आले. गुलालात न्हालेले थेट माळावर आले आणि घोंगडी मागू लागले. साखराबाई म्हणाली, निवडून आलेल्याला गावं लई हायेत, आमच्याकडं नारळ घ्या. आबासाहेबांनी नारळ घेतला.

साखराबाई गेल्यावर घोंगडी भामाबाईकडे आली. तिनं सासूची रीत थोडी सुधारली. उमेदवाराच्या खांद्यावर घोंगडी घातली की ती त्याच्या मागे उभी राहायची आणि डाव्या कोपऱ्याची दशी बोटाला दोन वेढे देऊन धरून ठेवायची. भाषण दहा मिनिटांचं असो की तासाचं, दशी सुटायची नाही. माणूस उतरायला लागला की दशी ताणायची आणि त्याला आठवण व्हायची. या मतदारसंघातल्या पुढाऱ्यांच्या बैठकीच्या खोल्यांत भिंतीवर जुने फोटो असतात. घोंगडी पांघरलेला पुढारी, हात जोडलेले, आणि खांद्यामागून आलेली हिरव्या बांगड्यांची एक मूठ. ती मूठ भामाबाईची. मला तिचं फार कौतुक वाटायचं. आमच्या फडातही राजाचं काम संपलं की मुकुट लगेच पेटीत जायचा. तो डोक्यावर ठेवून चहा प्यायला गेलेला राजा मी पाहिलेला आहे, आणि त्याला मालकीणबाईंनी काय ऐकवलं तेही ऐकलेलं आहे.

आता परवाच्या निवडणुकीचं सांगतो.

आबासाहेबांचा नातू धैर्यशील उभा होता. पुण्यात शिकलेला, पस्तिशीच्या आतला, बोलायला मऊ. अकरा गाड्या घेऊन माळावर आला. भामाबाईनं घोंगडी घातली, दशी बोटाला गुंडाळली आणि मागे उभी राहिली. पोरानं मागे वळून पाहिलं. सत्तरीची म्हातारी उभी आणि आपण बसलेलो, हे त्याला बरं वाटलं नाही. त्यानं पांढरी खोळ घातलेली एक खुर्ची मागवली, आपल्या शेजारी ठेवायला लावली आणि हाताला धरून भामाबाईला तीत बसवलं. टाळ्या पडल्या. भामाबाई जन्मात व्यासपीठावर बसलेली नव्हती. समोर सगळी वस्ती. सटवा लांबून बघतोय. मुलगा बजरंग फोनवर फोटो काढतोय.

"भाऊ, गादी मऊ व्हती," ती मला नंतर म्हणाली. "हात आपसूक मांडीवर आला."

हात मांडीवर आला तो दशी सोडून आला. भाषण संपलं, हलगी वाजली, पोरांनी साहेबांना उचललं, अकरा गाड्यांची धूळ उडाली. धूळ बसली तेव्हा भामाबाई खुर्चीत होती आणि घोंगडी तलवाड्याच्या पुढे गेली होती.

सटवा जवळ आला. रागावला नाही, तो कधीच रागावत नाही. त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "चालायचंच. खुर्ची घावली की समद्यांच्याच हातचं सुटतंय."

त्याच संध्याकाळी तो फोटो तालुक्यातल्या सगळ्या फोनवर फिरला. घोंगडी पांघरलेला धैर्यशील, शेजारी खुर्चीत भामाबाई, खाली लिहिलेलं, बिरोबाचा माळ साहेबांच्या पाठीशी. भामाबाई तलवाड्याच्या बाजारात मीठ घ्यायला गेली, तर मिरचीवालीनं विचारलं, औंदा घोंगडी ठेवून घ्यायला दिली म्हणं, सत्तर वर्षं राखलेली. दुसरी म्हणाली, मंग, खुर्ची काय फुकट मिळती का बाई. भामाबाई मीठ न घेताच घरी आली.

तो गुरुवार होता. रविवारी दुसऱ्या बाजूच्या उमेदवार ताईसाहेब माळावर येणार होत्या. ताईसाहेब मुरलेल्या. दोनदा पडलेल्या आणि एकदा निवडून आलेल्या. तिन्ही वेळा त्यांनी हीच घोंगडी पांघरली होती आणि एकदा पडल्यावर तिच्यावर बसून भाकरही खाल्ली होती. बजरंगनं सोपा उपाय सुचवला. पाटोद्याहून नवी आणू, काळीच असती, कुणाला कळतंय.

"मला कळतंय," भामाबाई म्हणाली. "नवी घातली की जुनी त्याला देऊन टाकली असं हुतंय. काहीच न्हाई घातलं तर तिचा अपमान. दोन्हीकडून माळ इकल्यावानी दिसतंय. सासूनं राखलं ते माझ्या हातून गेलं."

शुक्रवारी सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. मी म्हातारपणी तलवाड्यात स्थायिक झालो आहे. आबासाहेबांच्या तीन प्रचारांत मी सोंगाड्या होतो, तेव्हा त्यांच्या नातवाच्या कचेरीत मला कुणी अडवणार नाही असा तिचा हिशेब. तिनं मला लुगड्याच्या पदरात बांधून आणलेले भाजलेले शेंगदाणे दिले आणि म्हणाली, चला. आम्ही काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेवराईला गेलो.

कचेरीचा कारभार परमेश्वर नावाच्या माणसाकडे होता. भला माणूस, पण चार रात्री झोपलेला नाही असा चेहरा. त्यानं चहा दिला, मला ओळखलं, लहानपणी माझं पोलीस हवालदाराचं सोंग पाहिल्याचं सांगितलं. भामाबाईचं म्हणणं ऐकून त्यानं आधी शाल पुढे केली. मग प्लास्टिकच्या पिशवीतलं कोरं ब्लँकेट आणलं. भामाबाई नको म्हणत राहिली. शेवटी त्यानं मागची खोली उघडली आणि म्हणाला, यातली तुमची कोणती ती तुम्हीच बघा, आजी.

ती खोली पाहून मला आमच्या फडाची सामानाची खोली आठवली. फेट्यांचे ढीग, चंदेरी गदा, पत्र्याच्या तलवारी, सुकलेले हार. एका कोपऱ्यात घोंगड्या. चाळीस तरी असतील, सगळ्या काळ्या.

भामाबाई फरशीवर मांडी घालून बसली. एकेक घोंगडी ओढायची, डोळे मिटून काठावरून हात फिरवायची आणि बाजूला ठेवायची. पंधरावी की सोळावी असेल. हात फिरता फिरता थांबला. तिनं ती नाकाला लावली. वर्षभर कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या लोकरीचा वास.

"हीच," ती म्हणाली.

परमेश्वरला पटेना. कशावरून, असं त्यानं आदबीनंच विचारलं. तेव्हा तिनं ती मांडीवर पसरली आणि बोट ठेवून दाखवायला सुरुवात केली. हा निळा ठिपका वकीलसाहेबांच्या खिशातल्या शाईच्या पेनाचा, तो दुसऱ्या खेपेला आला तव्हाचा. हा पानाचा डाग बंडखोराचा, त्याला तिकीट मिळालं न्हाई तव्हा अपक्ष उभा ऱ्हायला आन् रडत रडत पान खात व्हता. हे भोक फटाक्याचं, सरकार पडून नवीन आलं त्या साली. आन् हा काठ कुरतडलाय तो एका मास्तरानं. म्हणजे मास्तरानं न्हाई, शेळीनं. मास्तर इतका येळ बोलला की मागनं शेळी येऊन काठ खाऊन गेली, तरी ह्यो आपला जमिनीच्या कायद्यावरच.

परमेश्वर हसायला लागला. मी वळून पाहिलं, तर दारात धैर्यशील उभा होता. कधी आला कळलं नव्हतं. बूट काढून तो आत आला आणि भामाबाईसमोर उकिडवा बसला. मधोमध एक तेलकट, गोल डाग होता. तो कुणाचा, असं त्यानं विचारलं.

"तुज्या आज्याचा," भामाबाई म्हणाली. "ठेचा सांडला व्हता. पडला व्हता त्या साली."

धैर्यशीलनं सांगितलं, की पडल्यानंतर आबा देवदर्शनाला गेले होते असंच घरात सगळ्यांना माहीत आहे. भामाबाई म्हणाली, आमचा बिरोबा देवच हाय की. पोरगा त्या डागावर अंगठा फिरवत राहिला. मग त्यानं चूक मान्य केली. म्हणाला, घोंगडी नेण्याचा काही विचार नव्हता, कुणी गाडीत टाकली तेही माहीत नाही. त्यानं परमेश्वरला पिशवी आणायला सांगितली.

भामाबाईनं घोंगडीची नीट घडी घातली. उठली. आणि ती घडी धैर्यशीलच्याच हातात दिली.

"चारचौघांत गेलीया," ती म्हणाली. "पिशवीतनं कशी यील? तू नेलीस, तूच आण. रविवारी धाला आमी समदे माळावरच हाव."

परमेश्वर घाईनं मध्ये पडला. रविवारी दहाला तिथं ताईसाहेबांची सभा आहे, आमच्या साहेबांची चौदा गावं आहेत, विरोधकाच्या सभेत साहेब गेले तर पेपरवाले काय छापतील. भामाबाईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, चहा चांगला होता म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली.

परतीच्या जीपमध्ये मी वैतागलो. हातात आलेली वस्तू सोडून आलीस, आता तो कशाला येतोय, असं बरंच बोललो. ती खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर बघत होती. शेवटी म्हणाली, "माझ्या हातून सुटली, ती मी हुडकली. आता त्याच्या हातात हाय. त्यानं सोडायची का धरायची, त्याचं त्यानं बघावं."

शनिवार गेला. काही निरोप नाही.

रविवारी मी नऊलाच माळावर पोहोचलो. बाभळीखाली सतरंज्या, माईकवाला हॅलो हॅलो करतोय. सटवा रस्त्याकडे तोंड करून बांधावर बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची खबर ओरडून न सांगता नुसत्या काठीच्या खुणेनं देत होता. ताईसाहेब वेळेवर आल्या. नारळ फुटला, हार घातले गेले. मग सूत्रसंचालकानं घोंगडीचं नाव घेतलं आणि सगळ्या वस्तीच्या माना वळल्या. भामाबाई पुढे आली. हात रिकामे.

तिनं ताईसाहेबांना सांगितलं, की जरा दम खावा लागंल, घोंगडी वाटंवर हाय. ताईसाहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. फोटो त्यांनीही पाहिलेला असणारच. त्यांच्या कार्यकर्त्यांत कुजबुज सुरू झाली, एक जण मोठ्यानं म्हणाला, की वाटंवर न्हाई, गेवराईला हाय. ताईसाहेबांनी त्याला हातानं बसवलं आणि म्हणाल्या, मी दोनदा पडलेली बाई हाय, मला वाट बघायची सवय हाय.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. माईकवाला उगाच वायर गुंडाळत राहिला. मी रंगमंचावर चाळीस वर्षं काढली, पण एवढी लांब शांतता मी कधी सांभाळली नसती. भामाबाई तशीच उभी होती.

सटवाची काठी वर झाली.

एकच गाडी आली. झेंडा नाही, हलगी नाही. धैर्यशील उतरला तो घोंगडी खांद्यावर पांघरूनच. नोव्हेंबरातलं ऊन चढलं होतं आणि त्याच्या कपाळावर घाम होता. ताईसाहेबांचे कार्यकर्ते उठून उभे राहिले, पण कुणी आडवं आलं नाही. तो सतरंजीवरून चालत आला, ताईसाहेबांना त्यानं वाकून नमस्कार केला आणि भामाबाईसमोर मान खाली घालून उभा राहिला.

भामाबाईनं आधी डाव्या कोपऱ्याची दशी शोधली. बोटाला दोन वेढे दिले. मगच घोंगडी त्याच्या खांद्यावरून उतरवली.

तो हळूच म्हणाला, "आज्जी, पडलो तर बसायला देशील का?"

"निवडून ये म्हणायला तुझी माणसं हायेत," ती म्हणाली. "पडल्यावर माझ्याकडं ये. भाकर हाय."

तो हसला आणि आला तसा गेला. त्याची गाडी वळली. मग भामाबाईनं तीच घोंगडी ताईसाहेबांच्या खांद्यावर घातली, आणि ताईसाहेब माईकसमोरच म्हणाल्या, "अगं, अजून गरम हाय की." सगळा माळ हसला. त्यात धैर्यशीलला मत देणारेही होते आणि ताईसाहेबांना देणारेही. कोण किती ते मला माहीत नाही. भामाबाई सांगत नाही आणि मी विचारत नाही.

ताईसाहेबांच्या एका कार्यकर्त्यानं तत्परतेनं खुर्ची आणली. पांढऱ्या खोळीचीच. भामाबाईनं तिच्याकडे पाहिलं, पायानं जरा बाजूला सारली आणि मागे जाऊन उभी राहिली, दशी बोटाला गुंडाळून.

ताईसाहेब बोलायला लागल्या. रस्ता झाला, कालवा झाला, मग त्या जुन्या आठवणींत शिरल्या. अर्धा तास झाला. सटवा बांधावरून उठला, सतरंजीच्या कडेनं घोंगडीच्या काठाकडे सरकत चाललेली शेळी त्यानं कान धरून लांब नेली आणि बाभळीला बांधून टाकली.